हंगामाच्या तोंडावर बँकेने सीसी लिमिट कापलं, एका शब्दाने न सांगता. काय करायचं?

बोंडू_आणि_बी · ९ एप्रिल, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथे वाचतो बरीच वर्षं, लिहितो क्वचित. आज झोप येईना म्हणून लिहायला बसलो.

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट आहे, बाबांनी उभं केलेलं. बी उकडायची, फोडायची, बोरम्यात (गरम हवेच्या भट्टीत) सुकवायची, सोलायची, निवडायची. बावीस बायका कामाला असतात. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की काजू बी मिळते मार्च ते मे आणि फोडायची असते वर्षभर. वर्षाचा कच्चा माल अडीच महिन्यांत घ्यायचा, तोही रोखीने नाहीतर आठ दिवसांच्या चेकवर. बागायतदार कशाला थांबेल? दुसरं गिऱ्हाईक त्याच्या अंगणात उभंच असतं. म्हणून आम्ही कॅश क्रेडिट (सीसी) घेतलेलं आहे, म्हणजे माल आणि येणं तारण ठेवून बँकेकडून लागेल तशी उचल. लिमिट ३० लाख, नऊ वर्षं चालू, व्याज एकदाही थकलेलं नाही.

परवा एका व्यापाऱ्याला दिलेला २ लाख ४० हजारांचा चेक परत गेला. फोन त्याचा आला, बँकेचा नाही. ॲप उघडलं तर उपलब्ध रक्कम उणे ३ लाख ८५ हजार! वापरलेत १६ लाख, म्हणजे १४ शिल्लक हवेत की नाही? सकाळी शाखेत गेलो. मॅनेजर फेब्रुवारीत बदलून आलेत. म्हणाले, "सिस्टीममध्ये कमी झालंय." कोणी कमी केलं विचारलं तर बोट वर दाखवलं. वर पंखा होता.

कारखान्यात १५ दिवसांची बी आहे. बँकेला असं करता येतं का? चेकचं काय करू? सरळ दुसऱ्या बँकेत जाऊ का? बाबांना अजून सांगितलेलं नाही, त्यांची बायपास झालेली आहे.

---

मांडवीपार · १० एप्रिल, सकाळी ७.०५

वाईट वाटलं वाचून. ग्राहक मंचात खेचा त्यांना. सोशल मीडियावर नाव टाका, दुपारपर्यंत फोन येतो की नाही बघा.

---

लेजरकीपर · १० एप्रिल, सकाळी ८.३०

मंचात खेचण्याआधी एक प्रश्न. लिमिट (मंजूर मर्यादा) कमी झालंय की डीपी (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे हातातल्या मालावर आणि येण्यावर आत्ता उचलता येईल ती रक्कम)? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ॲपमध्ये दोन्हीचा परिणाम सारखाच दिसतो. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली ११ कर्ज विभागात, म्हणून विचारतो. असे दहा लोक तावातावाने यायचे, त्यातल्या आठांचं लिमिट जागच्या जागी असायचं.

खात्याच्या स्टेटमेंटवर 'सँक्शन्ड लिमिट' आणि 'ड्रॉइंग पॉवर' असे दोन आकडे असतात. दोन्ही इथे लिहा. शिवाय शेवटचं स्टॉक स्टेटमेंट (मालाचा आणि येण्या-देण्याचा बँकेला द्यायचा मासिक हिशेब) कोणत्या महिन्याचं दिलं होतं आणि त्यात काय भरलं होतं, तेही.

---

खोर्लीकर · १० एप्रिल, सकाळी ९.१२

नऊ वर्षं सीसी वापरता आणि डीपी माहीत नाही? मग दोष बँकेचा कसा?

---

बोंडू_आणि_बी · १० एप्रिल, दुपारी १.२०

खोर्लीकर, टोमणा मान्य. डीपी हा शब्द ऐकलेला होता, पण आमच्याकडे तो कायम ३०च असायचा म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

लेजरकीपर सर, तुमचं बरोबर निघालं. लिमिट ३० लाखच आहे, ड्रॉइंग पॉवर १२ लाख १५ हजार. शेवटचं स्टेटमेंट फेब्रुवारीअखेरचं, आमच्या हिशेबनिसाने भरलेलं. माल ११ लाख, येणं १३ लाख, देणं २ लाख. मार्चचं अजून गेलेलं नाही. दर वेळी पंधरा-वीस दिवस उशीर होतोच आमचा.

---

लेजरकीपर · १० एप्रिल, दुपारी ३.००

आता हिशेब मांडू.

११ लाखांच्या मालातून उधारीवर आणलेला २ लाखांचा वजा करायचा, कारण ज्या मालाचे पैसे तुम्ही दिलेलेच नाहीत त्यावर बँक कर्ज देत नाही. राहिले ९. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, वजा करून ६ लाख ७५ हजार. येणं १३ लाख म्हणता, पण त्यात ९० दिवसांपेक्षा जुनं किती? माझा अंदाज ४ लाख, कारण तसं धरलं तरच आकडा जुळतो. जुनं येणं डीपीत धरत नाहीत. उरलेल्या ९ लाखांतून ४० टक्के मार्जिन वजा करून ५ लाख ४० हजार. बेरीज करा: १२ लाख १५ हजार.

कोणी वरून काही कापलेलं नाही. तुमच्याच कागदावरून हा आकडा निघालाय. आधीचे साहेब डीपी न मोजता लिमिटाएवढी टाकून मोकळे होत असणार. तुम्ही खूश, ते खूश. मार्चअखेरीला ऑडिटर बसतात, त्यांनी बोट ठेवलं असेल आणि नव्या मॅनेजरने नऊ वर्षांची ढिलाई एका संध्याकाळी दुरुस्त केली. नियमाने त्याचं चुकलं नाही. पण तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. इथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे.

आणखी एक. फेब्रुवारीअखेर म्हणजे काजूवाल्याचं गोदाम वर्षात सर्वांत रिकामं. त्या कागदावर तुमची डीपी मार्च-एप्रिलची ठरते, जेव्हा पैसा सर्वांत जास्त लागतो. हे दुखणं दरवर्षीचं आहे, यंदा फक्त दिसलं. मंजुरीपत्रात हंगामाचं आणि बिगरहंगामाचं लिमिट वेगळं मागता येतं. हंगामी उद्योगांना बँका तसं देतात, पण मागावं लागतं.

आज काय करायचं ते सांगतो. मार्चअखेरचं स्टेटमेंट आजच्या आज द्या, पोच घ्या. डीपी कधी, किती आणि कशावरून बदलली हे लेखी विचारा. तोंडी बोलणं हवेत जातं. आणि या खात्यात आत्ता बाहेरून पैसे आणून भरू नका! ३ लाख ८५ हजारांच्या खड्ड्यात ते गडप होतील आणि व्यापारी तसाच राहील.

---

बोंडू_आणि_बी · १० एप्रिल, दुपारी ३.४५

सर, ४ लाखांचा अंदाज तंतोतंत. कळंगुटच्या एका हॉटेलचं येणं आहे, नाताळच्या आधीचं.

---

हिशेबी_फोंडेकर · १० एप्रिल, सायंकाळी ५.१०

मी सीए आहे, म्हणून चेकबद्दल लिहितो. रिटर्न मेमोवर कारण काय लिहिलंय ते बघा. 'व्यवस्थेपेक्षा जास्त रक्कम' अशा अर्थाचं असेल, तर तेही परक्राम्य संलेख (चेक वगैरेंच्या) कायद्याच्या कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, बसतं. 'खात्यात पैसे नव्हते असं नाही, लिमिट कापलं' ही सबब तिथे आपोआप चालत नाही. चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत व्यापारी नोटीस पाठवू शकतो आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे दिले की गुन्हा होत नाही. तेव्हा घाबरू नका, पण त्याच्याकडे आजच जाऊन बसा. बाजारात पत एकदा गेली की ती कुठल्या कलमाने परत मिळत नाही.

उलट बाजूही आहे. त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे खात्यात पुरेसे पैसे असताना बँकेने विनाकारण चेक नाकारला, तर खातेदाराला नुकसानभरपाई मागता येते. मंजूर ओव्हरड्राफ्ट शिल्लक असताना नाकारला तरी तेच. पण तुमच्या बाबतीत डीपी संपलेली होती, त्यामुळे वकिलाने भरीला घातलं तरी यात फार पैसे घालू नका.

आता कळंगुटकर. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? तुम्ही उत्पादक आहात, त्यामुळे २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी नाही, करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे असं थकवलेलं बिल प्रत्यक्ष देईपर्यंत हॉटेलला खर्च म्हणून दाखवता येत नाही. सध्या त्यांचा वर्षाचा हिशेब लागतोय. एक सभ्य पत्र हॉटेलला लिहा आणि त्यांच्या सीएला प्रत द्या. मालक ढिम्म असला तरी सीए हलतो, अनुभव आहे.

---

ट्रॉलरमालक_कुटबण · १० एप्रिल, रात्री ९.३०

माझी गोष्ट वेगळी आणि जास्त मूर्खपणाची. खासगी बँकेच्या पोराने घरी येऊन १५ लाखांचा ओडी (ओव्हरड्राफ्ट) दिला. वर्षभराने बघतो तर लिमिट १२. शाखेत जाऊन टेबल बडवलं. पोर शांतपणे म्हणतं, "काका, हा ड्रॉपलाइन आहे." पाच वर्षांत दर महिन्याला २५ हजारांनी लिमिट उतरणार, हे चौदाव्या पानावर लिहिलेलं. सही माझीच.

आम्हाला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर, खलाशी गावाला, आणि जाळी, इंजिन सगळ्याची दुरुस्ती त्याच ६१ दिवसांत. तेव्हाच पैसा लागतो आणि तेव्हाच लिमिट उतरलेलं. आता सही करण्याआधी मुलीला वाचायला लावतो. ती चिडते, पण वाचते.

---

मांडवीपार · १० एप्रिल, रात्री ९.५०

मुलीला मानधन द्या काका.

---

व्यवस्थापक · ११ एप्रिल, सकाळी १०.००

एका प्रतिक्रियेत बँकेचं आणि अधिकाऱ्याचं नाव होतं, ती काढली आहे. नावं नकोत, बाकी चालू द्या.

---

पेडणेची_होमस्टेवाली · ११ एप्रिल, दुपारी १२.१५

तुमचं निदान डीपीचं निघालं. आमचा ओडी सरळ रद्द झाला, म्हणून लिहिते.

घरावर १२ लाखांचा होता, पावसाळ्यात खर्च भागवायला. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक नाही, ऑक्टोबरला पैसा येतो, असं चक्र. दरवर्षी नूतनीकरण व्हायचं, दोन सह्या की संपलं. गेल्या वर्षी बँकेचा वकील बदलला. त्याने फाइल पहिल्या पानापासून उघडली. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे २०१९ ला वारले, इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही. गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगते, आमच्याकडे कुटुंब कायदा वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धा वाटा सासूबाईंचा. उरलेल्यात नवरा आणि त्याच्या दोन बहिणी, आणि बहिणींचे नवरेही सहीला हवेत. एक नणंद लंडनला. वकिलाने लिहिलं, तारण अपुरं. बँकेने कळवलं, नूतनीकरण होणार नाही, वापरलेले ९ लाख मुदतीत भरा.

रडून झालं. मग मी तीन गोष्टी केल्या. रिझर्व्ह बँकेची कर्जदारांशी न्याय्य वागणुकीची संहिता आहे, मूळ २००३ ची. कर्ज परत मागण्याआधी करारात लिहिलेली मुदत, ती नसेल तर वाजवी मुदत देऊन नोटीस द्यावी, असं तिच्यात आहे. तेवढं वाक्य पत्रात घालून मुदत मागितली. दुसरं, वापरलेली रक्कम मुदतकर्जात बदलून द्या म्हटलं. मॅनेजरना ते पटलं, कारण त्यांनाही खातं बुडीत दाखवायचं नव्हतंच. चार वर्षांचे हप्ते पडले. तिसरं, इन्व्हेंटरी सुरू केली. अजून चालू आहे, नणंदेचं मुखत्यारपत्र यायचंय.

दोन बँकांत जाऊन आले, दोघांनी तोच कागद मागितला. म्हणून दुसऱ्या बँकेत जायच्या आधी आपला एक-चौदाचा (जमिनीच्या मालकीचा) उतारा काढून बघा. नाव कोणाचं आहे?

---

बोंडू_आणि_बी · ११ एप्रिल, दुपारी १२.४०

ताई, उताऱ्यावर आजोबा आहेत.

---

पेडणेची_होमस्टेवाली · ११ एप्रिल, दुपारी १२.४२

मग दुसऱ्या बँकेचं नाव काढू नका इतक्यात.

---

खोर्लीकर · ११ एप्रिल, दुपारी २.३०

अख्ख्या गोव्याच्या उताऱ्यांवर आजोबाच आहेत.

---

कुडचड्याचा_टिपर · ११ एप्रिल, सायंकाळी ६.२०

तुम्हाला हे नवीन वाटतं. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात दारोदार ट्रक उभे होते आणि हप्ता चालू होता. ओव्हरड्राफ्ट कसला, पासबुक छापून घ्यायला जायचीही लाज वाटायची. त्यातून शिकलेली एक गोष्ट. बँकेला टाळू नका. जे जाऊन बसले त्यांचं काहीतरी झालं. जे फोन उचलेनात त्यांचे ट्रक गेले.

---

मांडवीपार · ११ एप्रिल, रात्री ८.००

बँकिंग लोकपालाकडे तक्रार करता येत नाही का? फुकट असते म्हणे.

---

लेजरकीपर · ११ एप्रिल, रात्री ९.१५

येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पण नीट समजून घ्या. किती कर्ज द्यायचं, लिमिट वाढवायचं की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय. लोकपाल त्यात पडत नाही, तक्रार दारातूनच परत येते. 'माझं लिमिट परत द्या' असं लिहिलं की संपलं. 'मला कळवलं नाही, लेखी विचारल्यावर उत्तर दिलं नाही, चुकीचा आकार लावला' अशी सेवेतल्या त्रुटीची तक्रार असेल तर ऐकतात.

आकारावरून आठवलं. खातं डीपीच्या वर आहे म्हणून दंड लागला असेल तर नीट बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानंतर व्याजदरावर चढवलेलं दंडव्याज बंद झालंय. फक्त शुल्क लावता येतं आणि त्या शुल्कावर पुढे व्याज चढवता येत नाही.

आता थोडं भीतीचं. खातं सलग ९० दिवस डीपीच्या वर राहिलं तर ते एनपीए (बुडीत खातं) होतं, मग तुम्ही व्याज कितीही वेळेवर भरा. ३० दिवस ओलांडले की खात्यावर खूण होतेच. हे घड्याळ तुमच्यासाठी आधीच सुरू झालंय. 'व्याज एकदाही थकलं नाही' हे वाक्य सारखं म्हणू नका, त्या घड्याळाला ते ऐकू येत नाही.

आणि एक खासगी सल्ला. घरात कोणाची ठेव असेल आणि तिच्यावर उचल घ्यायची असेल तर ठेव दुसऱ्या बँकेतली निवडा. याच बँकेत कर्जदाराच्या नावावर ठेव असली की तिच्यावर बँकेचा हात पोचतो, करार कायद्याचं कलम १७१.

---

बोंडू_आणि_बी · १८ एप्रिल, रात्री १०.२०

आठ दिवस लिहायला जमलं नाही, माफ करा.

बाबांना सांगितलं. मी घाबरून सांगत होतो आणि ते म्हणाले, "फेब्रुवारीचं स्टेटमेंट मी स्वतः भरायचो. गोदामात बी नसली तरी फोडलेला गर किती आहे ते डबे मोजून लिहायचो." हिशेबनिसाने फक्त पोती मोजली होती. तयार माल, प्रतवारी लावून डब्यांत भरलेला, लिहिलाच नव्हता. किती होता ते आता सांगता येणार नाही, विकला गेला. म्हणजे ११ लाख हा आकडाही आमचाच खोटा, आमच्याच विरुद्ध.

बाबांची ६ लाखांची ठेव दुसऱ्या बँकेत होती. तिच्यावर ९० टक्के ओडी दोन दिवसांत मिळाला, ५ लाख ४० हजार. त्यातले २ लाख ४० हजार व्यापाऱ्याच्या खात्यात आरटीजीएस केले आणि चेक परत घेतला. तो म्हणाला, "अरे, मी नोटीस कशाला पाठवीन?" पण चेक त्याने पाकिटात जपून ठेवलेला होता बरं का. उरलेल्या ३ लाखांची बी घेतली.

मार्चचं स्टेटमेंट दिलं, पण मॅनेजर म्हणाले, आता प्रत्यक्ष बघूनच डीपी वाढवीन. १५ तारखेला स्वतः आले. पोती मोजली, बोरम्यापाशी उभे राहून घाम पुसला, डबे उघडून पाहिले. माल १८ लाख, देणं १ लाख, येणं ९० दिवसांच्या आतलं ८ लाख. डीपी १७ लाख ५५ हजार. खातं खड्ड्यातून वर आलं.

हॉटेलच्या सीएला प्रत गेली आणि चौथ्या दिवशी अडीच लाख आले. उरलेले दीड 'पुढच्या आठवड्यात'. फोंडेकर, तुमचा अनुभव बरोबर.

लेखी पत्राचं उत्तर मात्र अजून नाही. तीस दिवस मोजतोय.

---

लेजरकीपर · १९ एप्रिल, सकाळी ७.४०

मॅनेजर गोदामात आले हे चांगलं झालं. त्यांना डब्यांतला गर कळला की पुढच्या फेब्रुवारीत सोपं जाईल. हंगामी लिमिटाचा अर्ज ऑगस्टमध्येच टाका, जानेवारीची वाट बघू नका. आणि आजोबांचं काम सुरू करा.

---

खोर्लीकर · १९ एप्रिल, सकाळी ९.००

आधी तिरकस लिहिलं होतं, राग नसावा. माझ्या भावाचं दुकान आहे म्हापशाला. काल त्याला डीपी विचारली. म्हणाला, "म्हणजे व्हॉट्सॲपचा?"

---

पेडणेची_होमस्टेवाली · १९ एप्रिल, सकाळी ११.३०

नणंदेचं मुखत्यारपत्र आलं, पण त्यात तिच्या नवऱ्याचं नाव चुकलंय. परत लंडनला.

---

बोंडू_आणि_बी · १२ मे, रात्री ८.५०

बँकेचं उत्तर आलं, तेहतिसाव्या दिवशी, चार ओळींचं. 'मंजुरीपत्रातील अट क्रमांक ९ नुसार ड्रॉइंग पॉवर अद्ययावत करण्यात आली. ग्राहकास झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.' अट क्रमांक ९ काढून वाचली. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या १० तारखेच्या आत, उशीर झाल्यास बँक डीपी शून्यही करू शकते. शून्य! लोकपालाकडे जायचा विचार सोडून दिला.

हिशेबनिसाच्या टेबलासमोर १० आकडा मोठा लिहून चिकटवलाय. तो म्हणतो, आईच्या श्राद्धाची तारीखसुद्धा मी एवढी मोठी लिहिली नव्हती.

बी यंदा ठरवली होती त्यापेक्षा कमी घेतली, साधारण दोन महिन्यांची कमी पडेल. जानेवारीत बायकांना काम पुरेल का माहीत नाही. उद्या केरीहून शेवटची गाडी येतेय, पाऊस लवकर लागेल असं सगळे म्हणतायत, गोदामाच्या पत्र्याला दोन भोकं आहेत ती आधी बुजवायला हवीत.

सगळ्यांना देव बरें करूं.

---

ट्रॉलरमालक_कुटबण · १२ मे, रात्री ९.१५

पत्र्याला डांबरी पट्टी लाव, सिलिकॉन पावसात टिकत नाही. आणि यंदाचा हुर्राक (काजूची हलकी दारू) उरलाय का थोडा?